खोक्यावरचे नाव आणि आतले यंत्र

'एमआय-३५' असे छापलेले खोके विकत घेतले म्हणजे भारतीय हवाई दलाचे एमआय-३५ हाती आले, असे समजणारा पहिल्याच बैठकीत फसतो. झ्वेझ्दा ही मॉस्कोजवळच्या लोब्न्या शहरातली कंपनी या नावाचे जे किट काढते, ते एमआय-३५एम या बऱ्याच नंतरच्या प्रकाराचे आहे. त्याची चाके पोटात जात नाहीत, दोन्ही बाजूंचे आखूड पंख आणखी आखूड केलेले आहेत आणि शेपटीच्या रोटरला फुलीसारखी मांडलेली चार पाती आहेत. भारताने १९९० च्या सुमारास घेतलेले एमआय-३५ हे एमआय-२४व्ही या जुन्या हेलिकॉप्टरचे निर्यातीसाठीचे रूप होते. त्याची चाके उड्डाणानंतर आत जात, पंख पूर्ण लांबीचे होते आणि शेपटीला तीन पाती होती. एमआय-३५एम भारताने कधी घेतलेच नाही, शेजारच्या पाकिस्तानने मात्र घेतले. म्हणजे झ्वेझ्दाचे किट नीट जोडून, उत्तम रंगवून त्यावर तिरंगी वर्तुळाचे डेकल लावले, तर तयार होणारे हेलिकॉप्टर कुठल्याही आकाशात उडालेले नसते. यात कंपनीने कोणाला फसवलेले नाही. खोक्यावरचे अक्षर न् अक्षर खरे आहे. चूक आहे ती नाव वाचून यंत्र कळले असे धरून चालणाऱ्याची.

या पुस्तकाचा विषय रशियन बनावटीच्या लष्करी हेलिकॉप्टरांची प्लॅस्टिक किट जोडणे हा आहे आणि त्यामागची भूमिका वरच्या उदाहरणात आली आहे. किट म्हणजे एखाद्या यंत्राविषयी कारखानदाराने केलेले विधान. ते बहुतांशी खरे, काही ठिकाणी ढोबळ आणि क्वचित साफ चुकीचे असते. ते तपासणे, पुराव्याने दुरुस्त करणे आणि जिथे पुरावा नाही तिथे अंदाज केला असे कबूल करणे, हे या छंदाचे खरे काम आहे. कापणे, चिकटवणे, घासणे आणि रंगवणे ही त्या कामाची साधने. साधनांवर हुकमत हवीच, म्हणून पुढची निम्मी प्रकरणे त्यांच्यावर खर्च केली आहेत. पण हात तयार झाला आणि डोळा तयार झाला नाही, तर हाती उरतो तो फक्त चकचकीत शोभेचा तुकडा.

हे म्हणणे छंदाला उगाच मोठेपणा देण्यासाठी केलेले नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. १:७२ हे आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रमाणांपैकी एक, ते इंग्रजी मोजमापातून आले. सहा फुटांना एक इंच, असा त्याचा साधा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात याच प्रमाणातल्या प्रतिकृती विमाने ओळखायला शिकवण्यासाठी वापरल्या गेल्या. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरातल्या शाळकरी मुलांकडून अशा पाच लाख प्रतिकृती करून घेण्याची मोहीम हाती घेतली होती. काळ्या रंगाची ती लाकडी विमाने दिवाणखान्यासाठी नव्हती. आकाशातली आकृती आपली की शत्रूची, हे क्षणात ठरवण्याचा सराव त्यांच्यावर होत असे. तिथे पंखाचा कोन चुकला तर त्याची किंमत माणसाच्या जिवात मोजावी लागणार होती. प्रतिकृती हे ज्ञानाचे साधन आहे, ही समजूत तेव्हापासूनची.

साधन ज्ञानाचे असले तरी चुकीचे ज्ञानही तितक्याच सुबकपणे देऊ शकते. अमेरिकेच्या टेस्टर्स कंपनीने १९८६ मध्ये एफ-१९ नावाच्या गुप्त विमानाचे किट काढले. ते इतके खपले आणि गाजले की गुप्त विमानाचे किट दुकानात मिळतेच कसे, हा प्रश्न अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेला. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये खऱ्या गुप्त विमानाचे, म्हणजे एफ-११७ चे, छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की किटच्या गोलाईदार अंगाशी त्या कोनाकोनांच्या विमानाचे काहीच साम्य नव्हते. रशियन हेलिकॉप्टरांच्या बाबतीतही असे उदाहरण आहे. झ्वेझ्दाने 'केए-५८' नावाच्या रडारला न दिसणाऱ्या हेलिकॉप्टरचे किट विकले, पण असे हेलिकॉप्टर कामोव्ह या रशियन कंपनीने कधी उडवलेले नाही. दोन्ही किटांचे भाग नीट बसतात, रेषा देखण्या आहेत, सूचनापत्र स्पष्ट आहे. जोडणी किती चांगली बसते यावरून किट किती खरे आहे हे कळत नाही, हा या दोन उदाहरणांचा धडा आहे.

आता भारतात सर्वाधिक दिसलेल्या रशियन घराण्याकडे, म्हणजे एमआय-८ आणि एमआय-१७ कडे वळू. मिखाईल मिल यांच्या आरेखन केंद्राचे एमआय-८ प्रथम १९६१ मध्ये उडाले आणि त्याचे घराणे जगात सर्वाधिक संख्येने बनलेल्या हेलिकॉप्टरांपैकी एक ठरले. भारतीय हवाई दलात ते सत्तरच्या दशकाच्या आरंभी आले आणि १७ डिसेंबर २०१७ रोजी बंगळुरूजवळच्या येलहंका तळावर निवृत्त झाले. त्याचा जास्त ताकदीचा भाऊ एमआय-१७ ऐंशीच्या दशकात आला. दोघांचे धड जवळपास एकच, म्हणून खोक्यांवरची चित्रे पाहून गोंधळ होतो. खूण शेपटीत आहे. मूळ एमआय-८ चा शेपटीचा रोटर उजव्या बाजूला, तर एमआय-१७ चा डाव्या बाजूला. इंजिने बदलल्यामुळे वरच्या आवरणांची ठेवणही वेगळी. त्यापुढचे एमआय-१७ व्ही-५ आणखी वेगळे आहे. काचेच्या गोल नाकाऐवजी डॉल्फिनसारखे पुढे आलेले बंद नाक, मागे दोन पाखांच्या दाराऐवजी खाली उघडणारा उतार आणि उजवीकडे जादा दार. हे सगळे फरक १:७२ मध्येही नुसत्या डोळ्यांना दिसतात.

ही माहिती पाठ करायची नाही, तिने तर्क करायचा. २६/११ च्या हल्ल्यात, २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी, कुलाब्यातल्या नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो दोरावरून उतरले, ते एमआय-१७ मधून. ते दृश्य दूरचित्रवाणीवर लाखो मराठी घरांनी पाहिले. त्या हेलिकॉप्टरची प्रतिकृती करायची आणि हाताशी व्ही-५ चे किट आहे, तर चालेल का? भारताने ८० व्ही-५ चा करार केला तो २००८ च्या डिसेंबरमध्ये आणि पहिली हेलिकॉप्टरे आली २०११ मध्ये. तेव्हा नरिमन हाऊसवरचे हेलिकॉप्टर व्ही-५ असणे शक्यच नाही. एकही छायाचित्र न पाहता केवळ दोन तारखांवरून एक किट बाद होते. उलट, एखाद्या छायाचित्राखाली १९७१ चे साल आणि एमआय-१७ चे नाव दिसले, तर ओळ चुकली आहे हे लगेच उमगावे. बांगलादेश युद्धात ९ डिसेंबर १९७१ पासून मेघना नदीपलीकडे भारतीय सैन्य उतरवले ते एमआय-४ हेलिकॉप्टरांनी. ती पिस्टन इंजिनाची, फुगीर नाकाची, आधीच्या पिढीची यंत्रे. त्यांचे १:७२ मधले किट हॉबी बॉस या चिनी कंपनीने काढले आहे. तारीख, प्रकार आणि आकार हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत, ही शिस्त इतिहासाच्या अभ्यासकाचीही तीच आणि किट जोडणाऱ्याचीही तीच.

मात्र संशय घेण्याची सवय लागली की तिचाही अतिरेक होतो. जे वाकडे दिसते ते किटचे चुकले, असे धरून लोक पॉलिश पेपर हाती घेतात. त्यांना आवरायला एमआय-२४ पुरेसे आहे. हे हेलिकॉप्टर समोरून पाहिले तर धड आणि रोटरचा खांब एका रेषेत नसतात. खांब धडाच्या मानाने अडीच अंश उजवीकडे कललेला आहे आणि त्यानुसार चाकांची मांडणीही तिरकी आहे. परिणामी जमिनीवर उभे असताना रोटर सपाट राहतो आणि धड किंचित डावीकडे झुकते. शेपटीचा उभा भागही दोन्ही अंगांनी सारखा नाही. कारण यांत्रिक आहे. एकाच मुख्य रोटरचे हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहताना शेपटीच्या रोटरच्या रेट्याने बाजूला सरकू पाहते, कललेला खांब ते सरकणे रोखतो. शेपटीचा तिरपेपणा वेगात असताना शेपटीच्या रोटरवरचा भार हलका करतो. ज्याला हे ठाऊक नाही तो चांगल्या किटमधला हा कल पुट्टी भरून 'दुरुस्त' करतो आणि खऱ्याचे खोटे करून बसतो. पुरावा दोन्ही बाजूंनी कापतो. तो कधी किटला खोटे ठरवतो, तर कधी आपल्या डोळ्यांना.

नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरांत हाच धडा दुसऱ्या रूपात भेटतो. १९८० मध्ये नौदलात आलेल्या आयएनएस राजपूत या विनाशिकेबरोबर केए-२५ आले, पुढे केए-२८ आणि हवेतून टेहळणी करणारे केए-३१. निकोलाय कामोव्ह यांच्या रचनेत एकावर एक दोन रोटर विरुद्ध दिशांनी फिरतात, त्यामुळे शेपटीच्या रोटरची गरज उरत नाही. धड आखूड होते आणि जहाजावरच्या अरुंद जागेत हेलिकॉप्टर मावते. जोडताना याचा अर्थ असा की वरच्या आणि खालच्या रोटरची पाती एकमेकांची आरशातली रूपे असतात. घाईत ती सगळी एकाच बाजूने बसवली तर दोन्ही रोटर एकाच दिशेने फिरणारे होतात. असे हेलिकॉप्टर खरोखर बनवले तर हवेत उचलले जाताच ते स्वतःभोवती गरगरू लागेल. गोव्यात बोगमाळ्याच्या नौदल हवाई संग्रहालयात केए-२५ उघड्यावर ठेवलेले आहे. पात्यांच्या कडा कुठल्या बाजूला आहेत हे तिथे कोणालाही शांतपणे पाहता येते. मराठी वाचकाला हाताच्या अंतरावर असलेला हा पुरावा आहे.

प्रमाणाच्या मर्यादाही इथेच सांगितल्या पाहिजेत, नाहीतर पुराव्याचा आग्रह हट्ट होतो. १:७२ च्या किटवर पत्र्यांच्या जोडाची रेषा ०.२ मिलिमीटर रुंद कोरली, तर खऱ्या हेलिकॉप्टरवर ती १४.४ मिलिमीटरची फट होते. एवढ्या फटीचे यंत्र कोणी उडवणार नाही. पाच मिलिमीटरच्या रिव्हेटचे डोके त्या प्रमाणात ०.०७ मिलिमीटर, म्हणजे रंगाच्या एका जाड थराखाली गडप होणारे. तेव्हा बारकाव्यांची प्रतिकृती ही नेहमीच काही प्रमाणात अतिशयोक्ती असते. डोळ्याला दिसावे म्हणून वाढवून दाखवलेली. एमआय-१७ च्या मुख्य रोटरचा व्यास सुमारे २१.३ मीटर. १:७२ मध्ये तो २९.६ सेंटिमीटर आणि १:३५ मध्ये सुमारे ६१ सेंटिमीटर होतो. मोठ्या प्रमाणात जास्त सत्य सांगता येते, पण ते ठेवायला जागा लागते. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, किटमध्ये मात्र ती बहुधा सरळ येतात. ती वाकवणे फुकट आहे, कुठल्याही प्रमाणात शक्य आहे आणि शंभर रिव्हेटांपेक्षा जास्त खरेपणा देते. कुठला पुरावा पाळायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवणे म्हणजेच विवेक.

या छंदावरचा सर्वात गंभीर आक्षेप नैतिक आहे. ही मारणारी यंत्रे आहेत, त्यांची सुबक रूपे कपाटात मांडणे म्हणजे युद्धाला खेळ करणे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. एमआय-२४ अफगाणिस्तानच्या खेड्यांवर काय घेऊन आले, हे सोव्हिएत फौजांच्या दहा वर्षांच्या मुक्कामाने जगाला दाखवले आहे. केए-५२ आणि एमआय-२८ आज युक्रेनमध्ये काय करत आहेत, हेही रोजच्या बातम्यांत येते. स्वच्छ रंगवलेली प्रतिकृती रोटरच्या खाली काय घडले ते सांगत नाही. ही तिची खरी उणीव आहे आणि कौशल्याने ती भरून निघत नाही. पण पुराव्याचा आग्रह धरला, तर हीच प्रतिकृती गौरवगाथेच्या आड येते, असेही दिसते. कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगजवळ हवाई दलाचे एक एमआय-१७ खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडले आणि त्यातले चौघे हवाई सैनिक शहीद झाले. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी फ्लेअर सोडणारी व्यवस्था त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. या घटनेनंतर सशस्त्र एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आली.

आता किटकडे पाहा. फ्लेअरच्या पेट्या हे तांदळाएवढे सुटे भाग असतात. सूचनापत्र ते लावायला सांगते आणि लावले की प्रतिकृती जास्त भरगच्च, जास्त लढाऊ दिसते. त्या दिवशीचे हेलिकॉप्टर करणाऱ्याने ते भाग लावायचे नाहीत. न लावलेल्या त्या तुकड्यात चार माणसांच्या मृत्यूचे एक कारण आहे आणि जोडणाऱ्याला ते माहीत असल्याशिवाय तो तुकडा गाळण्याचे कारणच त्याला सापडणार नाही. युद्धाचा गौरव करणाऱ्याला अशा गाळलेल्या भागांत रस नसतो, त्याला सगळी शस्त्रे लटकवलेली हवी असतात. म्हणून आक्षेपाला माझे उत्तर असे, की धोका प्रतिकृतीत नाही, संदर्भ तोडून केलेल्या प्रतिकृतीत आहे. आणि संदर्भात युद्धाबाहेरचे कामही येते. ४ ऑगस्ट २०१९ रोजी ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळ पुराने वेढलेल्या गावातून ५८ जणांना हवाई दलाच्या एमआय-१७ ने उचलून आणले. हे पुस्तक जिथे लिहिले त्या भिवंडीला हे ठिकाण परके नाही. त्या हेलिकॉप्टरची प्रतिकृती करायची तर रॉकेटच्या नळकांड्या काढाव्या लागतात आणि दारावरची माणसे वर ओढण्याची यारी नीट बसवावी लागते. एकाच किटमधून दोन वेगळी सत्ये निघतात. कुठले सांगायचे हे जोडणारा ठरवतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो भिवंडीसारख्या गावात अधिक बोचतो. यंत्रमाग आणि गोदामे यांवर जगणाऱ्या, कारागिराची मजुरी कामावर ठरणाऱ्या शहरात परदेशी प्लॅस्टिकवर खर्च करणे ही चैन नाही का? खर्च आहे, हे मान्य. आयातीच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी खेळणी उद्योगाला आधार देणे हा त्यामागचा हेतू. पण अशा हेलिकॉप्टरांच्या किटसाठी लागणारे पोलादी साचे फार खर्चिक असतात आणि ग्राहक थोडे, म्हणून देशी पर्याय जवळपास नाही. परिणामी शुल्काचा भार सरळ जोडणाऱ्यावर येतो. आयातीचा माल भिवंडीच्या दारावरून मात्र जातो. जकातीच्या काळात मुंबईच्या हद्दीबाहेर आणि महामार्गालगत असल्याने भिवंडीजवळच्या माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात गोदामे वाढली. जकात २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली तरी गोदामे राहिली. ऑनलाइन मागवलेल्या मालाचा केवढा तरी प्रवाह याच पट्ट्यातून जातो. माल दारावरून जातो म्हणून तो स्वस्त होत नाही, हेही तितकेच खरे.

तरीही भिवंडीत बसून या विषयावर लिहिणे मला अस्थानी वाटत नाही. याचे कारण या शहराच्या हातांत आहे. एकाच कारखान्याचे, एकाच नमुन्याचे दोन माग वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीनंतर सारखे राहत नाहीत. एकाचा दांडा बदललेला, दुसऱ्याचा गिअर इथल्याच ओतशाळेत ओतलेला. मागाचा मिस्त्री पाटीवरचे नाव वाचून हात घालत नाही, आधी आवाज ऐकतो, मग कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतरचा ते पाहतो. हवाई दलाच्या ताफ्यातले प्रत्येक हेलिकॉप्टर असेच असते. एकाला इंजिनाच्या तोंडाशी धूळ रोखणारी गाळणी, दुसऱ्याला नाही. एकावर नवी अँटेना, दुसऱ्यावर जुन्या अँटेनाचा बुजवलेला ठसा. यंत्र वाचण्याची ही नजर ज्या शहरात रोजीरोटीचा भाग आहे, तिथे हा छंद उपरा ठरू नये. खर्चाचे व्यवहारी उत्तर असे की सुरुवात १:७२ च्या एकाच किटने करावी. कटर, चिमटा, पॉलिश पेपर, पॉलिस्टायरीन विरघळवून सांधणारे सिमेंट आणि मोजके रंग एवढ्यावर पहिले हेलिकॉप्टर पूर्ण होते. एअरब्रश नंतर. एका किटवर तीन महिने अभ्यास करणारा हा तीन महिन्यांत सहा किटे उरकणाऱ्यापेक्षा स्वस्तात जास्त मिळवतो.

इथल्या हवेचाही विचार पुढच्या प्रकरणांत केला आहे, कारण परदेशी पुस्तकांतल्या सूचना बहुधा वेगळ्या हवेच्या देशांत लिहिलेल्या असतात. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर फवारला तर त्यावर पांढरट धुके धरते. मागांच्या वस्तीत हवेत तरंगणारे सुताचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात आणि १:७२ मध्ये एक तंतू दोरखंडाएवढा दिसतो. सिमेंट आणि थिनर यांच्या वाफा एका खोलीच्या घरात सगळ्यांच्याच नाकात जातात. म्हणून खिडकी उघडी, तोंडावर वाफा रोखणारा मास्क आणि लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारे अॅक्रिलिक रंग, हे नियम रंगकामाच्या सूचनांच्या आधी दिले आहेत.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे. संगणकावर हेच हेलिकॉप्टर चारी बाजूंनी फिरवून पाहता येते, त्याच्या कॉकपिटमध्ये बसून उडवताही येते, मग प्लॅस्टिक कशाला? उड्डाणाचा अनुभव संगणक अधिक चांगला देतो, यात शंका नाही. पण पडद्यावरचे रूप दुसऱ्याने पूर्ण केलेले असते, बघणाऱ्याला त्यात काही ठरवावे लागत नाही. किट जोडणाऱ्याला मात्र प्रत्येक भागापाशी निर्णय घ्यावा लागतो आणि सिमेंट लावल्यावर तो मागे घेता येत नाही. धूळ-गाळणी होती की नव्हती, हा प्रश्न पडद्यावर मनातही येत नाही. हातात तो भाग धरल्यावर तो टाळता येत नाही. अज्ञान उघडे पाडण्याची ही शक्ती प्लॅस्टिकमध्ये आहे, ती वापरणाऱ्याला तपासायला भाग पाडते. एनसीसीच्या हवाई शाखेत प्रतिकृतींचे काम आजही शिकवले जाते, ते याच कारणाने टिकून असावे, असे मला वाटते.

चौथा आक्षेप काळाचा. रशियन हेलिकॉप्टरांचा जमाना ओसरतो आहे. एमआय-२५ आणि एमआय-३५ उडवणाऱ्या १२५ व्या स्क्वाड्रनकडे सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोटला अमेरिकी अपाची आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला देशी 'प्रचंड' दाखल झाले. मग जाणाऱ्यांवर पुस्तक का? ती जात आहेत, म्हणूनच. सेवेतले यंत्र स्वतःच स्वतःचा पुरावा असते. ते निवृत्त होऊन भंगारात गेले की उरतात छायाचित्रे, माणसांच्या आठवणी आणि कागद. कुठल्या वर्षी कुठल्या हेलिकॉप्टरवर काय बसवलेले होते याची नोंद आज करणे सोपे आहे, वीस वर्षांनी ते उत्खनन होईल. मराठी घरांतली किती तरी माणसे या हेलिकॉप्टरांच्या देखभालीत आयुष्यभर राबली आहेत. त्यांच्याकडे असलेले ज्ञान मराठीत उतरवून घेण्याचे निमित्त म्हणूनही या छंदाकडे पाहता येईल.

पुरावा गोळा करतानाची एक मर्यादा इथे ठामपणे सांगितली पाहिजे. हवाई तळ, नौदलाचे तळ आणि प्रतिबंधित जागा यांची छायाचित्रे किंवा रेखाटने करणे हा शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा ठरू शकतो. छंदाच्या भाबडेपणाचा बचाव तिथे चालत नाही. संग्रहालये, येलहंक्याचे एअरो इंडिया प्रदर्शन, हवाई दल दिनाची संचलने आणि संरक्षण दलांनी स्वतः प्रसिद्ध केलेली छायाचित्रे एवढा साठा उघड्यावर आहे आणि तो पुरेसा आहे. सेवेतल्या कोणाकडून आतली माहिती काढू पाहणे हे तर या पुस्तकाच्या भूमिकेच्याच विरुद्ध आहे. जे उघडपणे तपासता येत नाही ते दुसऱ्याला पुरावा म्हणून दाखवताही येत नाही.

पुढची प्रकरणे या क्रमाने लावली आहेत. आधी प्रत्येक हेलिकॉप्टरची भारतातली हकीकत आणि प्रकारांतले फरक, मग उपलब्ध किटांची त्या फरकांवर घासून केलेली पारख आणि शेवटी जोडणी व रंगकाम. घाईने शेवटच्या भागाकडे उडी मारण्याचा मोह होईल, तो आवरावा. वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. प्रत्येक पूर्ण झालेल्या प्रतिकृतीबरोबर एक कागद ठेवावा. हे कुठल्या तारखेचे, कुठले हेलिकॉप्टर आहे, कुठले बारकावे कुठल्या छायाचित्रावरून घेतले आणि कुठे केवळ अंदाज केला, एवढे त्यावर लिहावे. अंदाजांचा रकाना मोठा असला तरी लाजू नये, पण तो कोरा ठेवू नये. या पुस्तकालाही तीच कसोटी लावावी. इथल्या एखाद्या विधानाविरुद्ध पुरावा सापडला, तर पुस्तक बाजूला ठेवून पुराव्याप्रमाणे जोडावे. असे करणारा वाचक मिळाला तर या पुस्तकाचे काम झाले.

भिवंडी